मिठात क्लोरीन निघालं!

आमच्या अख्ख्या गावात बीएस्सी झालेला मी एकटाच होतो. तेही केमिस्ट्री घेऊन, तेही सेकंड क्लासात! त्यामुळं सरपंच अण्णाराव आमच्या किराणा दुकानाची पायरी चढून आले आणि म्हणाले, "मन्मथ, गावाला जरा समजून सांग बाबा," तेव्हा मी तराजू खाली ठेवला, कॉलर नीट केली आणि छातीठोकपणे सांगितलं, "अण्णाराव, फक्त अर्धा तास द्या. गावातला अडाणीपणा मुळासकट उपटून देतो!"

अर्धा तासच लागला. उपटलं गेलं ते मात्र दुसरंच.

समजून काय सांगायचं होतं, ते आधी ऐका. लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. उस्मानाबादपासून वेगळे निघालो तेव्हा आम्हाला कलेक्टर मिळाला, नव्या पाट्या मिळाल्या, नवे शिक्के मिळाले. वाटणीत पाऊस तेवढा मिळाला नाही. तो जुन्या जिल्ह्यातच राहिला असणार असं आम्ही म्हणायचो, आणि तिकडचे लोक म्हणायचे की तो तुमच्याकडं गेला! गावातले आड कोरडे पडले. मग तालुक्याहून, औशाकडून, टँकर यायचा, चावडीपुढच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि तेच पाणी बाया घागरी सोडून शेंदायच्या. ते पाणी कुठल्या तळ्यातलं, कुठल्या डबक्यातलं, हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं.

म्हणून आरोग्य खात्यानं किशनला धाडलं. किशन उमरीचा, तिकडं नांदेडकडचा. औशाहून सायकलवर यायचा, बादलीत जंतू मारायची पांढरी टीसीएल पावडर कालवायचा, गाळ खाली बसला की वरचं पाणी विहिरीत ओतायचा. माणूस कामाला चोख, पण स्वभावानं इतका भित्रा की कुणी आवाज चढवला तर एक टांग सायकलवर टाकूनच उत्तर द्यायचा.

पहिल्याच दिवशी नागाबाईनं घागर नाकाशी नेली आणि अशी किंचाळली की चावडीवरचे पारवे उडाले!

"अगं बया! पाण्याला दवाखान्याचा वास येऊन राहिला!"

सकाळी तो नुसता वास होता. दुपारपर्यंत त्याची बातमी झाली, आणि दिवे लागेपर्यंत गावभर एकच बोलणं होतं. सरकारनं विहिरीत पोरं बंद व्हायची पावडर टाकली! हसू नका. आणीबाणीत जीपा भरभरून माणसं नेलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. ज्यांनी पाहिली नव्हती त्यांना जास्तच नीट आठवत होती.

मी नागाबाईला विचारलं, "नागाबाई, तुमचं वय सत्तरीला आलं. तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला न्हाई रे पडत," ती म्हणाली, "पर माझी म्हैस तेच पाणी पिती ना!"

यावर बीएस्सीच्या तिन्ही वर्षांत उत्तर शिकवलेलं नव्हतं.

विहिरीकडं मग कुणी फिरकेना. सगळ्या घागरी निघाल्या ओढ्याकडं. ओढा कधीचा आटलेला, पण वाळूत एका जागी झिरा काढला होता. तिथं पाणी पाझरायचं. त्याच पाण्यात म्हशी बसायच्या. झिऱ्याच्या वरच्या अंगाला गाव रोज पहाटे कशासाठी जायचं ते सांगत नाही, कुणी जेवता जेवता वाचत असेल. पण लोक म्हणायचे, "झिऱ्याचं पाणी कसं गोड लागतं!"

आता कळलं ना अण्णाराव दुकानात का आले ते?

सभा चावडीपुढं भरली. सतरंजी अंथरली. सगळ्यात पुढं आमची अव्वा बसली, शिवगंगा, माझी आई. नवी साडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि डावीकडच्या उजवीकडच्या प्रत्येक बाईला सांगणं चालू, "माझा मन्मथ बोलणार हाय." मागं ओट्यावर आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील माणिकप्पा, पान चघळत बसले. किशन सायकलजवळ उभा होता. अर्थात!

"मंडळी," मी दमदार आवाजात सुरुवात केली, "या पावडरमध्ये क्लोरीन असतो. क्लोरीन हा एक अत्यंत विषारी वायू आहे!"

इथं मी थांबलो. आमच्या कॉलेजातले सर असेच थांबायचे. आधी धक्का द्यायचा, मग उलगडा करायचा. फरक एवढाच, की कॉलेजातली पोरं उलगडा होईपर्यंत बसून राहायची. हजेरी शेवटी असायची.

"पहिल्या महायुद्धात या वायूनं सैनिक तडफडून मेले!"

मागून दोन माणसं उठून गेली. मला वाटलं तंबाखू थुंकायला गेली असतील. ती शेजारच्या गावाला बातमी द्यायला गेली होती, हे नंतर कळलं.

"पण!" मी हात वर केला. "घाबरायचं कारण नाही! थोडासा क्लोरीन पाण्यातले जंतू मारतो, माणसाला काही करत नाही. अहो, हाच क्लोरीन आपण रोज खातो! मिठात क्लोरीनच असतो!"

इथं लोक हसतील, एकमेकांना टाळ्या देतील, असा माझा हिशोब होता. कुणी हललं नाही. लग्नात नवरदेव पळून गेल्यावर मांडवात होते ना, तशी शांतता.

मग नागाबाई म्हणाली, "कुणाच्या मिठात?"

"सगळ्यांच्याच!"

"गावात मिठाचं दुकान कुणाचं हाय?"

अख्ख्या सभेनं मान वळवून ओट्याकडं पाहिलं. अप्पांच्या तोंडातलं पान जिथल्या तिथं थांबलं.

"नागाबाई, असं नाही! मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम हा एक धातू आहे. तो नुसता पाण्यात टाकला तर भडका उडतो! पण दोन्ही एकत्र आले की..."

"म्हंजी इख एक आणि भडका एक," नागाबाईनं बोटांवर मोजलं, "आणि दोनी मिसळून देऊन राहिले तुमी!"

"मिसळून नाही हो! त्याला संयुग म्हणतात!"

"त्याला भेसळ म्हणत्यात! तू संयुग म्हण न्हाईतर काय बी म्हण!"

"अहो, मग सगळंच रसायन आहे!" मी आता ओरडायला लागलो होतो. "हळद रसायन! गूळ रसायन! चहापत्ती रसायन! पाणीसुद्धा..."

पाण्यापर्यंत मला कुणी पोचूच दिलं नाही. दुकानातल्या मालाची अशी नावानिशी जाहिरात आजवर कुणी केली नसेल. सतरंजीवरून माणसं उठली. अप्पांनी चप्पल घातली आणि माझ्याकडं न बघता घर गाठलं. किशन तर सोडियमलाच निघून गेला होता.

एकटी अव्वा बसून होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती बोललास रे!" ती म्हणाली. "एकदाबी अडकला न्हाईस!"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पायरीवर मीठ! वाट्यांतून, गाडग्यांतून, फडक्यात बांधून लोकांनी घरातलं मीठ आणून आमच्या दारात ओतलेलं. गल्लीतल्या सगळ्या शेळ्या जमून चाटत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद की माझ्या भाषणावर विश्वास न ठेवणारं गावात एवढंच कुटुंब उरलं असावं.

"मन्मथ," अप्पा म्हणाले. ते चिडले की आवाज खाली आणतात. "आपल्या तीन पिढ्यांनी हितं मीठ इकलं. दुकानाभाईर रातभर पोती पडायची, चोर सुदिक मिठाला हात लावत न्हाई. आणि तू एका सभेत..."

"अप्पा, मी प्रयोग करून दाखवतो! विज्ञानात प्रयोगाला फार महत्त्व आहे!"

"तुझं भाषण एवढं भोवलं. प्रयोग नको."

ऐकलं असतं तर मी मन्मथ कसला!

गावात अळणीचा कारभार सुरू झाला. अळणी वरण, अळणी आमटी, अळणी पिठलं. लोणच्याच्या बरण्या उकिरड्यावर गेल्या. जेवताना माणसांची तोंडं बघवत नव्हती, सगळं गाव एकाच मयताला जाऊन आल्यासारखं दिसायचं. आमच्या घरात तर विचारूच नका. अव्वानं मिठाचा डबा परसात पुरून टाकला. मी म्हणालो, "अव्वा, निदान आपल्या घरात तरी मीठ घाल." तर ती म्हणाली, "आणि गाव काय म्हणंल? पोरगं सांगतं येक आणि माय करती दुसरंच?"

म्हणून मी प्रयोग ठरवला. भर दुपारी लोकांना विहिरीवर बोलावलं, सगळ्यांसमोर पोहरा शेंदला आणि तांब्या भरला. "बघा! हे क्लोरीनचं पाणी मी आता एका दमात पितो. मला काही झालं तर विज्ञान खोटं!"

एक गोष्ट मी विसरलो होतो. इतके दिवस पाणी कुणी शेंदलंच नव्हतं, टँकरही गाव पाणी घेत नाही म्हणून परस्पर दुसरीकडं जात होता, आणि किशन मात्र इमानेइतबारे रोज पावडर ओतून जात होता! तांब्या तोंडाशी नेला तर नाकात असा भपकारा शिरला की डोळ्यांपुढं महायुद्धातले सैनिक उभे राहिले. पण माघार कशी घेणार? डोळे मिटून घटाघटा ओतलं. निम्म्यावर ठसका लागला. साधा ठसका! घाईनं प्यायल्यावर कुणालाही लागतो तसा! पण तो काही थांबेना. मी लालबुंद झालो, तांब्या हातातून सुटला, तोंडातून शब्द फुटेना.

"गेलं! माणिकप्पाचं पोरगं गेलं!" नागाबाईनं टाहो फोडला.

"ओकवा त्याला! मिठाचं पाणी पाजा!" कुणीतरी ओरडलं.

"मीठ? येड लागलं का? मिठात तर तेच हाय!"

"मग शेणाचं पाजा!"

मी हातानं नको नको म्हणत होतो. त्याचा अर्थ त्यांनी झटके येत आहेत असा घेतला. चार जणांनी मला आडवा केला. पाचव्यानं नाक दाबलं. आणि अण्णारावांनी, खुद्द सरपंचांनी, गोठ्यातून ताजं आणलेलं ते पातेलं माझ्या तोंडाला लावलं.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. झालं ते अख्ख्या गावासमोर झालं. आणि जमिनीकडं बोट दाखवत नागाबाईनं निकाल दिला, "बघा! निघालं का न्हाई इख?"

इथपर्यंत मी ही हकीकत बऱ्याच जणांना सांगितली आहे आणि सगळे पोट धरून हसले आहेत. इथून पुढं कुणी हसत नाही.

झिऱ्याचं पाणी अंगावर आलं. आधी दोन घरांत जुलाब सुरू झाले, मग चार घरांत, मग गल्लीच्या गल्ली झोपली. जुलाब आणि उलट्या. त्यात पोटात मिठाचा कण नाही, त्यामुळं माणसं पिळून टाकलेल्या धोतरासारखी लोळागोळा होऊन पडायला लागली. मी दारोदार फिरलो. "पाणी उकळा! साखर-मीठ-पाणी द्या!" माझ्या तोंडून मीठ शब्द निघाला की दार लागायचं. एका घरातून तर आवाज आला, "आता काय उरलंय का सांगायचं?"

आणि मग अव्वा पडली.

सकाळी अंगणात सडा टाकताना पडली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. मी पेल्यात साखर-मीठ कालवून तिच्या ओठांना लावलं. तिनं एक घोट घेतला, जीभ फिरवली आणि थुंकून टाकलं.

"मिठाचं हाय."

"अव्वा, औषध आहे हे."

तिनं तोंड फिरवलं. अप्पा आणि मी मिळून तिला बैलगाडीत घातलं. औशाची वाट एरवी बोलत बोलत सरते. त्या दिवशी अप्पा फक्त बैलांशी बोलले. मी अव्वाचे पाय धरून बसलो होतो. पाय गार होते.

दवाखान्यात आमच्याच गावाची गर्दी! खाटांवर, खाली, व्हरांड्यात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, धावून धावून घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी अव्वाची नाडी बघितली आणि नर्सला म्हणाल्या, "ताबडतोब सलाईन!"

नर्सनं बाटली टांगली. अव्वानं डोळे किलकिले केले. "त्यात काय हाय?"

"काही नाही मावशी, मिठाचं पाणी."

अव्वानं हात ओढून घेतला! अंगात उठून बसायचं त्राण नव्हतं, पण हात असा ओढला की नर्सच्या हातातली सुई खाली पडली. दुसऱ्या हातानं तिनं गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलं.

"मला किलोरीन नको."

डॉक्टरीणबाई चमकल्या. "काय म्हणाल्या?"

"मिठात किलोरीन असतंय. त्यानं लढाईत माणसं मेली."

"सकाळपासून तुमच्या गावातले तिसरे पेशंट हेच म्हणताहेत!" बाई ओरडल्या. "कुणी डोक्यात भरवलं हे? कुठला भोंदू आलाय तुमच्याकडं?"

अव्वाच्या सुकलेल्या तोंडावर, देवाशपथ सांगतो, अभिमान दिसला. तिनं माझ्याकडं बोट केलं. "भोंदू न्हाई, बाई. माझं पोरगं हाय. बीएस्सी झालंय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली पडलेली सुई उचलून त्यांनी नर्सला दुसरी आणायला सांगितली. मला पुन्हा भोंदू म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी खाटेजवळ खाली बसलो. "अव्वा, ऐक. मी पुढं सांगणार होतो. क्लोरीन वेगळा आणि मीठ वेगळं. दोन्ही एक झाले की त्यांचा गुण बदलतो. विष राहत नाही."

"तवा तर इख म्हणलास."

"तवा अर्धंच सांगून झालं होतं गं!"

"आता तू भ्यालास," ती हळूच म्हणाली. "मला हितं आणलं म्हणून भ्यालास, आणि या बाईचं ऐकून बोलून राहिलास. भिऊ नको. तू गावाम्होरं बोललास तेच खरं. माझं येकटं पोरगं गावात शिकलेलं, त्याच्या शब्दाभाईर मी न्हाई."

एवढा विश्वास! जन्मात माझ्या शब्दावर इतका विश्वास कुणी ठेवला नव्हता, पुढंही कुणी ठेवणार नव्हतं. मी केमिस्ट्रीतलं आठवेल ते सगळं सांगितलं. अणू सांगितले, रेणू सांगितले. साखर पाण्यात विरघळते, दुधाचं दही होतं, माणसाच्या घामात, डोळ्यांतल्या पाण्यातसुद्धा मीठ असतं. ती शांतपणे ऐकत होती, पण हात काही पुढं करत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. माझे शब्द संपले. मी खाटेच्या लोखंडी दांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागलो.

थोड्या वेळानं डोक्यावर हात फिरला. गार हात.

"मन्मथ, का रडून राहिलास?"

मी नुसतं बाटलीकडं बोट केलं.

"रडू नको रे," अव्वा म्हणाली. मग तिनं नर्सकडं मान वळवली आणि हात सरळ केला. "लावा, बाई, ती सुई."

"विष नाहीये हो मावशी ते," नर्स म्हणाली.

"इख असलं तर असू द्या. पोरगं रडून राहिलंय. लावा."

बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरायला लागलं. अप्पा दारात उभे होते. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवायला लागले. बैलांना नुकतंच पाजलं होतं.

अव्वा वाचली. तिचं बघून बाकीच्यांनीही हात पुढं केले. एकेक करून सगळं गाव परत आलं. डॉक्टरीणबाईंनी जाताना मला बोलावून सांगितलं, "तुम्ही शिकलेले आहात. निदान आता तरी गावाला नीट समजावून सांगा." मी हात जोडले आणि म्हणालो, "बाई, एवढं सोडून काहीही सांगा."

विहिरीचं पाणी लोक परत प्यायला लागले. माझ्यामुळं? छे! डॉक्टरांमुळं? तेही नाही! झिरा आटला. दुसरं पाणीच उरलं नाही. अण्णारावांनी चार चकरा मारून टँकर परत आणला. मग नागाबाईनं नाकाला पदर लावून घागर भरली, आणि तिच्यामागं सगळ्यांनी भरली. किशन एक टांग सायकलवर टाकून लांबून बघत होता.

राहिलं मीठ. अव्वा घरी आल्यावर बाया बघायला आल्या. "मीठ अंगात घालूनबी तू कशी जगलीस गं, शिवगंगा?" अव्वानं बराच विचार केला. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही. पोराला खोटं पाडणं तर त्याहून नाही. दोन्हीतून तिनं तिची वाट काढली. "ते दवाखान्यातलं मीठ येगळं असतंय," ती म्हणाली. "त्यातलं किलोरीन काढून टाकत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं रांग!

"माणिकप्पा, ते दवाखान्याचं मीठ हाय का? बिगर किलोरीनचं?"

अप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या पोत्याकडं. ते तेच पोतं होतं, तेच खडेमीठ. त्यांनी ते ओढत पुढं आणलं, तोंडाची सुतळी सोडली आणि म्हणाले, "हाय की."

मी तोंड उघडलं. अप्पांनी तराजू माझ्या हातात दिला. "तू तोल," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गाव आजारातून उठलंय, त्याच्या पोटात मीठ जाऊ दे. तू फक्त तोल. बोलू नको."

मी तोलायला लागलो. पहिली नागाबाई. तिनं एक खडा उचलला, उजेडाकडं धरला, जिभेला लावला आणि डोळे बारीक करून मला विचारलं, "मन्मथ, तू शिकलेला हाईस. खरं सांग. ह्यात काई रसायन तर न्हाई ना?"

मी बीएस्सी. केमिस्ट्री. सेकंड क्लास.

"नाही नागाबाई," मी म्हणालो. "यात काहीच नाही."